तळमजला रिकामा आहे

३ ऑक्टोबर

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीतीप्रमाणे लिहिले आहेत. मनातून द्यावेत इतकी मी अजून निवळलेली नाही. तुझी बायको मागे एकदा म्हणाली होती, "ताई, ते आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत, चारचौघांत त्यांना टिल्लू म्हणत जाऊ नका." त्रेसष्टाव्या वर्षी जो माणूस सख्ख्या बहिणीचा नंबर ब्लॉक करून ठेवतो, त्याला दुसरं काय म्हणायचं ते तिनेच सुचवावं. फोन लागत नाही म्हणून हे पत्र. रजिस्टर पोचपावतीने पाठवते आहे, म्हणजे "मिळालंच नाही" असं म्हणायची सोय नको.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, कान शाबूत आहेत, जिभेचं तुला ठाऊकच आहे. तुम्ही दोघं बरे असाल असं धरून चालते.

मी परत हॉस्टेलमध्ये जाते आहे. दचकू नकोस, पगारावर नाही. मुलींची नवी इमारत झाल्यापासून आमचं जुनं हॉस्टेल दोन वर्षं बंद पडून होतं. महिन्यापूर्वी सीमेपलीकडून माणसं यायला लागली, तुझ्याही पेपरात आलं असेल, तेव्हा निवारा अधिकाऱ्यांना आठवण झाली की गावात एक रिकामं हॉस्टेल आहे आणि त्याच्या प्रत्येक दाराची किल्ली अंधारात ओळखणारी एक म्हातारी रेक्टर आहे. हे साहेब तिशीतले आहेत. गळ्यात ओळखपत्र, दोन हातांत दोन फोन, आणि दोन्ही फोनवर एकच वाक्य: "वरून आदेश आले की कळवतो."

एकशे बारा माणसं आली. संडास सहा, त्यांतले दोन तेव्हा तुंबलेले. पाण्याची टाकी एकच, ती सत्तर मुलींनाही पुरायची नाही. गाद्या आल्या त्या ओल्या. दुभाषी येतो मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीचे पाच दिवस आम्ही एकमेकांशी हातवारे करतो. लोक मदत देतात, नाही असं नाही. पण काय देतात ते ये आणि बघ. उंच टाचांच्या चपला. एकाने आपला लग्नातला सूट दिला, खिशात लग्नपत्रिकेसकट. आणि पोहण्याचे चष्मे, चौदा! युद्धातून पळून आलेल्या माणसांनी आमच्या बादलीत पोहायचं की काय?

पहिल्याच दिवशी मी शिस्त लावली. लहान मुलं असलेल्या कुटुंबांना अकरा खोल्या. बाकीचे पुरुष पूर्वेच्या हॉलमध्ये, बाकीच्या बायका पश्चिमेच्या. जुन्या चादरींचे पडदे, अंघोळीच्या पाळ्या, साडेसातला नाश्त्याची घंटा, आणि राहत्या जागेत खाण्याचा एक कण नाही. तू हसशील. पण बिनशिस्तीचं हॉस्टेल म्हणजे मुंग्या, उंदीर, चोऱ्या आणि रडारड, हे मी एकतीस वर्षं पाहिलं आहे. साहेबांनी माझ्या नियमांचा फोटो काढून वर पाठवला. "आदर्श व्यवस्था" म्हणाले.

आता कामाचं सांगते.

आलेल्यांत एक म्हातारं जोडपं होतं. तो प्लंबर. आल्या दिवशी त्याने तुंबलेले संडास पाहिले, बाह्या सरसावल्या, आणि एक वाकडी सळई आणि सायकलची ट्यूब एवढ्यावर दोन दिवसांत दोन्ही चालू करून दिले. नगरपालिकेला मी अकरा अर्ज केले होते. मी त्याच्या बायकोला प्लंबरीणबाई म्हणते. तिला ते कळत नाही, पण हाक मारली की बघते.

तो प्लंबर गेल्या सोमवारी वारला. हार्ट. वय झालेलं, एवढा प्रवास झालेला. गावाबाहेरच्या स्मशानभूमीच्या कडेला त्याला पुरलं. ती रोज सकाळी चालत तिथे जाते, पाऊण तास जायला, पाऊण तास यायला.

आणि आता आदेश आला आहे. नवी बस येते आहे, मुलाबाळांची, म्हणून "एकट्या व्यक्तींना" वीस तारखेला मोठ्या छावणीत हलवायचं. नवरा होता तोवर ती "जोडपं" होती, मेल्यावर ती "एकटी व्यक्ती" झाली. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर गेली. मोठी छावणी इथून पाच तासांवर आहे. पत्र्याच्या शेडी, एकेका शेडीत साठ बायका. तिथून ती त्या मातीपाशी परत कधी येणार? कशाने येणार? साहेबांना विचारलं तर म्हणाले, "बाई, भावनिक मुद्द्यांसाठी रकाना नाही."

सुटका एकच आहे. गावातल्या कोणी लेखी जागा दिली तर तिला इथे राहता येतं. जागेला वेगळं दार हवं, वेगळा संडास हवा, आणि अर्जावर मालकाची सही हवी. माझ्या वरच्या दीड खोलीत हे बसत नाही.

खाली तुझा तळमजला आहे. दोन खोल्या, मोरी, संडास, अंगणात उघडणारं स्वतंत्र दार. आई गेल्यावर वाटण्या झाल्या त्या दिवशी तू त्याला कुलूप घातलंस आणि किल्ली घेऊन विमानात बसलास. आठ वर्षं झाली. आत आईचं कपाट, तुझा कॅरम आणि वाळवी आहे. त्यांतली वाळवी तेवढी सुखात आहे.

आपलं भांडण मी विसरलेले नाही. आईला शेवटच्या वर्षी साखरेने पोखरलं होतं. डॉक्टरांनी बजावलेलं असताना तू मिठाईचा खोका घेऊन आलास, आणि मी आईच्या हातातला तुकडा काढून घेतला. सगळ्या नातेवाइकांसमोर तू म्हणालास, "ताई, तू घराचं हॉस्टेल केलंस." मी बरोबर होते. डॉक्टरही माझ्याच बाजूचे होते. तरी आईच्या मागे तेच वाक्य नातेवाइकांत फिरलं, आणि मी वाईट ठरले. असो. ते भांडण आपलं आहे, त्याचा भुर्दंड त्या बाईला नको.

अर्ज सोबत जोडला आहे. फुलीच्या जागी सही कर आणि किल्ली कुरियरने पाठव. तारीख वीस. विसरू नकोस.

तुझी,
ताई

*

११ ऑक्टोबर

टिल्लू,

आशीर्वाद आज राहू देत.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, नोटीस! टाइप केलेल्या चार ओळी. "सदर जागा रिकामी ठेवणे आम्हांस सोयीचे आहे." आम्हांस! महाराज, आपण कुठल्या गादीवर बसलात ते कळवावं म्हणजे मुजरा करायला बरं. "अशा लोकांना एकदा आत घेतले की बाहेर काढता येत नाही, असे वकिलांचे मत आहे." वकिलांना विचार, अडुसष्ट वर्षांची, एका पिशवीनिशी आलेली बाई तुझ्या दोन खोल्यांवर कब्जा करून काय करेल? आईच्या कपाटाच्या आडोशाने गोळीबार करेल?

इथेही तुझे भाऊबंद कमी नाहीत. समोरच्या निवृत्त मॅनेजरांनी सह्यांची मोहीम काढली आहे, "परिसराच्या शांततेसाठी". माझ्याकडेही आले कागद घेऊन. मी म्हटलं, "तुमचा कुत्रा गेली सहा वर्षं पहाटे पाचला भुंकतो, त्याचं नाव यादीत पहिलं घाला, मग मी सही करते." गेले तणतणत. बायको मागून म्हणाली, "शिकलेल्या बाईने असं बोलावं?" शिकलेली आहे म्हणूनच एवढ्यावर भागवलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला राग गिळायला शिकवायच्या. मी सगळ्या विषयांत पास झाले, त्या एका सोडून.

तुझ्या नोटिशीच्या खाली मात्र पेनाने लिहिलेली एक ओळ आहे. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे म्हणून ओळखलं. "ही बाई तुझी कोण लागते?"

कोण लागायची आहे? कोणी नाही. पण तिच्या नवऱ्याचं काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणजे मी एवढी का पेटले आहे ते कळेल. मागच्या पत्रात मी हार्ट लिहिलं. कागदावर तेच आहे. पण आमच्या डॉक्टरणीने मला वेगळं सांगितलं. ही माझीच मुलगी, म्हणजे हॉस्टेलमधली. वेणी घालायचा कंटाळा म्हणून रोज टोपी घालणारी. आता छावणीत आठवड्यातून तीनदा येते, फुकट.

म्हाताऱ्याला मधुमेह होता. सकाळी सातला इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचा, स्वतःच्या हाताने, आणि साडेसातला नाश्ता. नऊ दिवस सुरळीत चाललं. दहाव्या दिवशी वरून पाहुणे येणार होते, म्हणून साहेबांनी सकाळी सव्वासातला मोजणी लावली. सगळी माणसं अंगणात, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. मोजली, एकशे अकरा भरली. पुन्हा मोजली, एकशे तेरा. साहेबांनी यादी बदलली, फोन केला, चहा मागवला, स्वतःसाठी. "आकडा जुळल्याशिवाय नाश्ता नाही." पावणेदहा वाजले. म्हाताऱ्याला दरदरून घाम फुटला, तो खाली बसला. शिपायाने त्याला उठवून उभा केला. पलीकडच्या ओळीतून त्याची बायको ओरडायला लागली. ती ओळ सोडून धावली, तिला मागे आणलं गेलं. मग तो पडला. पुरुषांना वाटलं झोप आली. साहेबांना वाटलं ढोंग. अँब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागली, आणि त्याच संध्याकाळी तो दवाखान्यात वारला.

डॉक्टरीण म्हणाली, "बाई, साखर वाढून नाही, उतरून गेला. इंजेक्शन घेतल्यावर पोटात काही गेलं नाही तर साखर एवढी उतरते की माणूस बेशुद्ध होतो. त्यात हृदय म्हातारं." मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, साखरेचा आजार म्हणजे साखर वाढण्याचा आजार. एवढंच आपण आईच्या वेळी शिकलो होतो ना?

पाहुणे आलेच नाहीत. साहेबांनी मोजणीचा कागद फाइलला लावला: एकशे बारा. संध्याकाळी खोडून एकशे अकरा केलं.

आता सांग, चीड येऊ नये? एका माणसाला मोजण्याच्या नादात मारलं, आणि आता त्याच्या बायकोला त्याच्या मातीपासून पाच तास लांब फेकताहेत, कारण यादीत ती बसत नाही.

नऊ दिवस राहिले आहेत. कोण लागते ते विचारू नकोस. किल्ली पाठव.

ताई

*

२१ ऑक्टोबर

प्रिय टिल्लू,

तुझ्याकडून काही आलं नाही. आता यायची गरजही उरलेली नाही. का, ते सांगते. पण क्रमाने सांगते, नाही तर मी परत मधलं गाळेन. दोन पत्रांत गाळलंच आहे.

तू विचारलंस, कोण लागते. तो प्रश्न मी दहा दिवस डोक्यावर घेऊन हिंडते आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ती ओळ सोडून धावली आणि तिला मागे आणलं गेलं. मी आणलं. दंडाला धरून. ओळ सोडायची नाही हे माझ्या हाताला डोक्याच्या आधी समजतं. ती हातातून सुटायला बघत होती, आणि म्हातारी असून तिच्या अंगात एवढी ताकद कुठून आली याचा मला राग आला. राग, टिल्लू. तिचा नवरा समोर पडत होता आणि मला तिच्या बेशिस्तीचा राग आला.

पण खरं त्याच्याही आधीचं आहे.

ते दोघं आले त्या दिवशी दुभाषी नव्हता. शनिवार होता. मी दारात टेबल टाकून सामान तपासत होते. मुलींच्या ट्रंका तपासाव्यात तसं. ज्याच्याकडे खायचं असेल ते काढून माझ्या कपाटात ठेवायचं, यादीतला नंबर लिहून, आणि जाताना परत द्यायचं. एकतीस वर्षांचा शिरस्ता. म्हाताऱ्याच्या पिशवीत इन्सुलिनची पेनं निघाली. ती मी ओळखली, आईची तशीच होती. आणि त्यांच्याच खाली एक पत्र्याचा डबा, साखरेच्या चौकोनी वड्यांनी भरलेला.

काय वाटलं मला, सांगू? मला वाटलं, पकडला. साखरेचा रोगी आणि पिशवीत साखर! मला तू दिसलास, मिठाईचा खोका घेऊन उंबऱ्यात उभा असलेला. मी डबा उचलला आणि त्या म्हातारीकडे असं बघितलं, जसं त्या दिवशी तुझ्याकडे बघितलं होतं. ती डबा सोडेना. दंडावर सुई टोचल्याची खूण करायची आणि मग बोट तोंडाकडे न्यायची. परत सुई, परत तोंड. मी म्हटलं, नाटकं करू नका. मराठीत म्हटलं. आणि डबा घेतला.

त्यावर माझ्या अक्षरात त्यांचा नंबर लिहिला आहे. सुवाच्य.

डॉक्टरणीने सगळं समजावलं त्या दिवशी मी तिला विचारलं, सहज विचारल्यासारखं, "अशा वेळी जवळ साखर असती तर?" ती म्हणाली, "तर एक वडी जिभेवर ठेवली असती, की झालं. आम्ही पेशंटना सांगतोच जवळ ठेवायला. त्यांच्याकडे कशी नव्हती कोण जाणे." मी गप्प बसले. ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, तुम्ही किती करता या लोकांसाठी." मी तरीही गप्प बसले. त्यानंतर तुला पत्र लिहिलं, आणि त्यात साहेबांना पोटभर शिव्या दिल्या. त्या शिव्या मी परत घेत नाही. पण त्या देताना मला फार बरं वाटत होतं, हे लिहून ठेवते.

तू म्हणाला होतास ते वाक्य. घराचं हॉस्टेल. आईच्या बाबतीत मी आजही म्हणेन की डॉक्टरांचं ऐकलं. पण तू औषधाबद्दल बोलतच नव्हतास, हे मला आठ वर्षांनी कळलं. मी तुकडा काढून घेतला तेव्हा आईला एका शब्दाने विचारलं नव्हतं. या म्हातारीलाही विचारलं नाही. भाषा येत नव्हती ही सबब आहे. आईची भाषा तर येत होती.

सोळा तारखेला मी साहेबांकडे लेखी दिलं. डबा, दंड, सगळं. त्यांनी वाचलं, एक फोन खिशात ठेवला. दुसराही ठेवला. तेव्हाच कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"बाई, फाइल बंद झाली आहे. कशाला उकरता? हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. शेवटी सगळ्यांची तीच बंद पडते."

"मी डबा काढून घेतला नसता तर पडली नसती."

"डबा नियमानेच घेतलात. मोजणीही नियमानेच झाली. तसं बघितलं तर कोणाचंच चुकलेलं नाही."

कोणाचंच चुकलेलं नाही, आणि माणूस मात्र पुरून आलो! टिल्लू, मी आयुष्यात पुष्कळांवर ओरडले आहे, पण त्या दिवशी ओरडणं पुरलं नसतं. त्या पोराला मी चावले असते. तो मला वाचवत होता, ते जास्त झोंबलं. कागद त्याने परत माझ्याकडे सरकवला. मी त्याच्याकडे सरकवला. असं चार वेळा झालं. शेवटी मी आवक नोंदवहीत स्वतः नोंद केली, शिक्का मारला आणि उठले. शिक्का कुठे ठेवतात ते मला त्याच्याआधीपासून माहीत आहे.

मग शुक्रवारी दुभाषी आला. त्याला मी सांगितलं, हे तिला सांग. तो बिचारा भला माणूस आहे, दिवसभर चपलांच्या दुकानात उभा असतो. म्हणाला, "बाई, सांगायलाच हवं का? ती तुम्हाला चांगलं समजते."

"म्हणूनच सांग."

आम्ही पश्चिमेच्या हॉलमध्ये, तिच्या पडद्याच्या आत बसलो होतो. तो सांगत होता, ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने त्याला थांबवून तेवढंच परत सांगायला लावलं. मग माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"ती विचारते आहे, डबा आहे का अजून?"

मी कपाट उघडून डबा आणला. तिने झाकण काढलं, एक वडी तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघत बसली. वडी पूर्ण विरघळेपर्यंत. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मारेल, किंवा निदान थुंकेल. मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने झाकण लावलं, डबा मांडीवर घेतला आणि दुभाष्याशी दोन वाक्यं बोलली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तिला सगळं माहीत होतं. साखर तुम्हीच घेतली हे तिने बघितलंच होतं ना. तुम्ही कधी सांगता, याची वाट बघत होती."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. मागायची हिंमत झाली नाही, असं वाच.

मग मी तिला विचारलं. पहिल्यांदाच काहीतरी विचारलं. माझ्या घराच्या खाली दोन खोल्या आहेत, राहाल का? मला वाटलं, नाही म्हणेल. माझ्या छपराखाली कशाला राहील? ती दुभाष्याकडे वळून बोलली. मग दुभाषी म्हणाला, "ती विचारते आहे, तिथून मातीपर्यंत किती चालावं लागेल?"

"वीस मिनिटं."

"आणि दाराची किल्ली कोणाकडे असेल?"

मी म्हटलं, "एक तिच्याकडे. एक माझ्याकडे, अडीअडचणीला."

ऐकून तिने नकाराची मान हलवली. दुभाष्याला सांगायची गरज पडली नाही. दोन्ही किल्ल्या तिच्याकडे. मी न विचारता आत यायचं नाही. भिंतीवर कागद लावायचे नाहीत. काय खायचं, कधी खायचं, ते ती बघेल. हे सगळं तिने सांगितलं आणि मी प्रत्येकाला "बरं" म्हटलं. एवढे "बरं" मी लागोपाठ आजवर कोणालाच म्हटले नव्हते. आईलाही नाही.

आता तुझं.

एकोणीस तारखेला सकाळी कुलूपवाल्याला बोलावलं आणि तुझं कुलूप तोडलं. आठ वर्षांच्या गंजाने ते आधीच अर्धं मेलेलं होतं. नवं बसवून दोन्ही किल्ल्या तिला दिल्या. आईचं कपाट माझ्याकडे वर आणलं. तुझा कॅरम गेला, पाय लावला तर भुसा झाला. भिंत झाडली, नळ तपासला. नळ मी काय तपासणार, तिनेच तपासला. नवऱ्याचं काम तिला सगळं येतं. मोरीतला नळ गळत होता तो तिने आल्या आल्या बांधला.

आणि अर्जावर मालकाची सही हवी होती. ती मी केली. तुझी सही. सातवीत तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करून दिली होती, त्यानंतर पहिल्यांदाच असं काही केलं. तेव्हा तुला गणितात अकरा मार्क होते आणि तू माझ्या पायावर लोळण घेतली होतीस. या वेळी कोणी लोळण घेतली नाही. मी माझ्या बुद्धीने केलं. साहेबांनी सही बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच वरून आदेश न मागवता कागद ठेवून घेतला. काल दुपारी बस आली. सतरा बायका गेल्या. त्यांच्यासाठी माझ्याकडे तळमजला नव्हता. बसचं दार लावताना त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला त्यांची तोंडं अजून दिसताहेत. एका बाईला ठेवून घेतलं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटत बसलेले नाही, एवढं समज.

आज सकाळी खाली गेले. दार बंद होतं. मी हात वर केला, खाली घेतला, मग टकटक केलं. तिने उघडलं नाही. भांडी वाजत होती, म्हणजे ती घरात होती. मी तिथे उभी राहिले आणि मग परत वर आले. उघडायचं की नाही हे तिने ठरवायचं. मला राग आला नाही असं नाही. आला. पण मी वर आले.

तुझं घर आहे, तू भांडायला ये. वकिलाला घेऊन ये हवं तर. पण दार वाजवावं लागेल, आणि तिने उघडेपर्यंत अंगणात थांबावं लागेल. पोलिसात जायचं असेल तरी जा. तक्रारीत नाव माझं घाल. तिला काही माहीत नाही, ती समजते तू परवानगी दिलीस. हे पत्र जपून ठेव, पुरावा म्हणून लागेल: कुलूप मी तोडलं, तुझी सही मी केली, आणि त्या माणसाची साखर मी घेतली.

ही खालची सही मात्र माझी स्वतःची आहे.

तुझी थोरली बहीण